जोडीदाराची निवड आणि मानसशास्त्र

आश्वलायनगृह्यसूत्रांत वधूपरीक्षेचा एक चमत्कारिक विधि सांगितला आहे. मुलीचीं लक्षणें ओळखणें कठीण आहे, अशी प्रथम कबुली देऊन सूत्रकार सांगतो कीं, आठ ठिकाणची माती आणून तिचे आठ गोळे करावेत, ते अभिमंत्रित करावेत आणि मुलीस त्यांतील एक उचलावयास सांगावें. वर्षांतून दोन पिकें देणाऱ्या शेताची माती तिनें उचलली तर तिची संतति अन्नानें समृद्ध होईल. गोठ्यांतील उचलली तर पशुधन वाढेल. वेदीवरील उचलली तर ब्रह्मवर्चस लाभेल. न आटणाऱ्या डोहांतील उचलली तर कशाचीच वाण पडणार नाहीं. उलट द्यूतस्थानाची माती हातीं आली तर ती जुगारी, चव्हाट्याची आली तर भटकी, नापीक जमिनीची आली तर दरिद्री आणि स्मशानांतील आली तर पतीचा घात करणारी निघेल.

या विधीस हंसणें सोपें आहे, आणि आमचे विद्यार्थी दरवर्षीं हंसतातहि. तथापि त्यांतील दोन गोष्टी आम्हांस विचार करण्याजोग्या वाटतात. एक म्हणजे ज्याच्याशीं जन्म काढावयाचा त्याचें अंतरंग बाहेरून कळत नाहीं, ही अडचण सूत्रकारानें प्रांजळपणें मान्य केली आहे. दुसरी अशी कीं, या विधींत हात मुलीचा आहे, परंतु निवड तिची नाहीं. ती गोळा उचलते. तिला घरांत आणावयाचें कीं नाहीं हें ठरविणारे दुसरेच. माणूस जोडीदार कसा निवडतो, हा प्रश्न गेल्या दीडशें वर्षांत पाश्चात्त्य देशांतील शास्त्रज्ञांनीं हातीं घेतला. त्यांनीं मातीच्या गोळ्यांऐवजीं मोजपट्ट्या, प्रश्नावल्या आणि संगणक वापरले. त्यांच्या या उद्योगाचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु वर सांगितलेल्या दोन गोष्टींपैकीं त्यांनीं कोणती सोडविली आणि कोणतीकडे उशिरां लक्ष दिलें, हें पाहण्यांत आपला स्वतःचा कांहीं लाभ आहे, अशी आमची समजूत आहे.

शास्त्रापूर्वीं तत्त्वज्ञान होतें. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादांत ॲरिस्टोफेनिस हा विनोदी नाटककार अशी कथा रचून सांगतो कीं, मनुष्यें मूळचीं जोडशरीरी होतीं, देवानें त्यांचीं दोन शकलें केलीं आणि तेव्हांपासून प्रत्येक अर्धें आपल्या दुसऱ्या अर्ध्याचा शोध करीत आहे. ही कथा थट्टेच्या सुरांत सांगितलेली असली तरी तिच्यावर युरोपांतील कित्येक पिढ्यांनीं मनापासून विश्वास ठेवला, आणि प्रत्येकासाठीं जगांत कोणीतरी एकच व्यक्ति आहे ही कल्पना तेथील कादंबऱ्यांतून आपल्याहि कादंबऱ्यांत येऊन पोहोंचली. १८४४ सालीं शोपेनहौअरनें आपल्या मुख्य ग्रंथास दुसरा खंड जोडला. त्यांत प्रेमाच्या मीमांसेवर एक प्रकरण आहे. प्रेमिकांस वाटतें कीं आपण आपल्या सुखासाठीं धडपडत आहों. वस्तुतः पुढील पिढी निर्माण करणारी जातीची इच्छा त्यांस फसवून आपलें काम करून घेते, असें त्याचें म्हणणें. आणि ही इच्छा उणें तेथें भर घालूं पाहते, म्हणून उंचास ठेंगणें आवडतें व गोऱ्यास सांवळें, असाहि सिद्धांत त्यानें मांडला. विरुद्ध स्वभावांचें जमतें, ही जी लोकसमजूत आपण नेहमीं ऐकतों, तिचा हा तत्त्वज्ञानी अवतार होय.

नंतर आला चार्ल्स डार्विन. १८७१ सालच्या ग्रंथांत त्यानें प्राण्यांमधील लैंगिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला. मोराचा पिसारा मोरासाठीं नसून लांडोरीच्या पसंतीसाठीं आहे, म्हणजे निवडणारी मादी आहे, हें त्याचें विधान त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस पचलें नाहीं. परंतु याच डार्विननें स्वतःची निवड कशी केली होती, हें पाहणें मौजेचें आहे. १८३८ च्या जुलै महिन्यांत त्यानें एका कागदावर दोन रकाने आंखले. एका बाजूस लग्न करण्याचे लाभ, दुसऱ्या बाजूस न करण्याचे. मुलेंबाळें, म्हातारपणची सोबत, घराची ऊब हें एकीकडे. वेळेचा अपव्यय, पुस्तकांसाठीं पैसे कमी पडणें, मनाप्रमाणें हिंडण्याचें स्वातंत्र्य जाणें हें दुसरीकडे. शेवटीं निकाल लग्नाच्या बाजूनें लागला. साऱ्या हिशोबांत कोणा मुलीचें नांव मात्र नाहीं. नांव शोधण्यासाठीं त्यास दूर जावें लागलें नाहीं. नोव्हेंबरांत त्यानें एमा वेजवुडला मागणी घातली आणि २९ जानेवारी १८३९ रोजीं त्यांचें लग्न झालें. एमा त्याच्या मामाची मुलगी. ज्यानें साऱ्या सजीव सृष्टींतील निवडीचे नियम शोधले, त्यानें आपली निवड आमच्या देशावरील कोणाहि कुणबी वा मराठा घराण्यास शोभेल अशीच केली! पुढें आपल्या मुलांचें अशक्तपण पाहून तो धास्तावला, आणि १८७१ च्या खानेसुमारींत चुलत-मामे-भावंडांच्या विवाहांविषयीं प्रश्न घालावा अशी त्यानें खटपट केली. पार्लमेंटानें ती मान्य केली नाहीं.

तत्त्वज्ञानावरून मोजमापाकडे शास्त्र वळलें तें कार्ल पिअर्सनच्या हातून. १९०३ सालीं त्यानें व ॲलिस ली या विदुषीनें हजाराच्या वर पतिपत्नींच्या उंचीचीं मापें तपासून त्यांतील सहसंबंध काढला. पूर्ण मेळ असेल तर हा आंकडा एक येतो, मुळींच संबंध नसेल तर शून्य. त्यांस तो सुमारें ०.२८ आढळला. म्हणजे उंच पुरुषांच्या बायका सरासरीनें उंच आणि ठेंगण्यांच्या ठेंगण्या. शोपेनहौअरचा सिद्धांत खरा असता तर हा आंकडा शून्याच्या खालीं जावयास हवा होता. एका साध्या मोजपट्टीनें एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्यास खोटें पाडावें, हें आम्हांस नेहमींच बोधप्रद वाटत आलें आहे.

याच सुमारास, १८९१ सालीं, एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडमधील पंडितानें मानवी विवाहाचा इतिहास लिहितांना एक वेगळाच प्रश्न काढला होता. माणसें कोणाची निवड करतात यापेक्षां कोणाची करीत नाहींत, हें त्यानें पाहिलें. बालपणीं एकाच घरांत वाढलेल्या मुलामुलींस एकमेकांविषयीं पुढें आकर्षण वाटत नाहीं, मग त्यांचें रक्ताचें नातें असो वा नसो, असें त्याचें अनुमान. फ्रॉइडनें याच्या नेमकें उलट सांगितलें, आणि बराच काळ विद्वान फ्रॉइडच्या बाजूस राहिले. परंतु १९७१ सालीं जोसेफ शेफर यानें इस्रायलमधील किबुत्झ वसाहतींत वाढलेल्यांचे २,७६९ विवाह तपासले, तेव्हां जन्मापासून सहा वर्षें अखंड एका बालगटांत वाढलेल्या दोघांचा एकहि विवाह त्यांत सांपडला नाहीं. आणि तशी बंदी तर कोणीं घातली नव्हती. तैवानांत सून करून घेण्यासाठीं तान्ही मुलगी घरीं आणून वाढविण्याची चाल होती. आर्थर वुल्फ यानें दाखविलें कीं, अशा विवाहांत संतति कमी व काडीमोड अधिक. आमच्याकडील मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल यास बाधक नाहीं. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथांत या चालीचें विवेचन केलें आहे. येथें वधू आजोळची असते, म्हणजे परिचित असूनहि दुसऱ्या घरांत वाढलेली. डार्विन आणि एमा यांचेंहि तसेंच होतें.

आतां आम्ही ज्या संशोधनास या साऱ्या इतिहासांतील खरें वळण समजतों, त्याकडे येऊं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत जेम्स बोसार्ड नांवाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं कोणाच्या मनांत डोकावण्याचा प्रयत्नच केला नाहीं. विवाहाच्या परवान्यांचे ओळीनें पांच हजार अर्ज घेतले आणि प्रत्येक अर्जावर वधू व वर यांचे पत्ते पाहून त्यांमधील अंतर मोजलें. १९३२ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक-तृतीयांश जोडपीं पांच ब्लॉकांच्या आंत राहणारीं निघालीं. ब्लॉक म्हणजे दोन रस्त्यांमधील घरांची रांग. तेव्हां पांच ब्लॉक म्हणजे पायीं दहा मिनिटांचाहि रस्ता नव्हे. जसजसें अंतर वाढत जाई तसतशी विवाहांची संख्या घटत जाई. लाखों वस्तीचें शहर, आईबापांची जुळवाजुळव नाहीं, पत्रिका नाहीं, हुंड्याची बोलणीं नाहींत. ज्याचें त्यानें मन मानेल तेथें प्रेम करावें. आणि प्रेम जाऊन बसलें तें शेजारच्या गल्लींत! ॲरिस्टोफेनिसच्या कथेंतील दुसरें अर्धें साऱ्या पृथ्वीवर कोठेंहि असावयास हवें होतें. तें इतक्या जवळ सांपडावें हा योगायोग म्हणावा तरी किती वेळां?

याचा अर्थ केवळ अंतर एवढाच नव्हे. शहराच्या गल्ल्या आपोआप पडत नाहींत. एका गल्लींत इटालियन, दुसरींत ज्यू, तिसरींत काळे. एका बाजूस कारखान्यांतील मजूर, दुसरीकडे पेढीवाले. अंतर मोजतांना बोसार्ड यांनीं नकळत वर्ग, वंश आणि धर्म हींच मोजलीं होतीं. पुढें अर्नेस्ट बर्जेस व पॉल वॉलिन यांनीं शिकागो शहरांतील वाङ्निश्चय झालेल्या एक हजार जोडप्यांचा अभ्यास केला. १९४३ सालीं त्यांचे पहिले निष्कर्ष आले. धर्म, शिक्षण, घराण्याची स्थिति, राहणी, मित्रपरिवार, अशा बहुतेक बाबतींत जोडीदार एकमेकांसारखे आढळले. शिवाय जेथें गल्ली पुरेशी नव्हती तेथें कायदा पहाऱ्यास होता. १९६७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें लव्हिंग दांपत्याच्या खटल्यांत निकाल दिला, तोंवर सोळा राज्यांत गोऱ्यानें काळीशीं वा काळ्यानें गोरीशीं विवाह करणें हा गुन्हा होता. स्वतंत्र प्रेमाचा देश म्हणून ज्याचा आपण आदरानें वा नाक मुरडून उल्लेख करतों, त्या देशाची ही गोष्ट आहे.

विरुद्धांचें जमतें, या मताची बाजू शास्त्रीय पद्धतीनें मांडण्याचा प्रयत्न रॉबर्ट विंच यांनीं केला. जातपात, वर्ग यांत साम्य असो. पण स्वभावाच्या गरजांत एकानें दुसऱ्याची उणीव भरावी, आज्ञा करणाऱ्यास ऐकणारा मिळावा, असें त्यांचें १९५८ सालच्या ग्रंथांतील प्रतिपादन. कल्पना सुंदर होती; परंतु ती उभी होती पंचवीस जोडप्यांवर. इतरांनीं तोच प्रयोग करून पाहिला तेव्हां ती बहुधा टिकली नाहीं.

येथवर शास्त्र जोडप्यांकडे बाहेरून पाहत होतें. प्रत्यक्ष निवडीच्या क्षणीं काय होतें, हें पाहण्याचा गाजलेला प्रयोग १९६६ सालीं एलेन वॉल्स्टर व तिचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केला. मिनेसोटा विद्यापीठांतील नव्या विद्यार्थ्यांसाठीं एक नृत्यसमारंभ ठेवण्यांत आला आणि संगणक प्रत्येकास अनुरूप जोडीदार शोधून देईल असें जाहीर करण्यांत आलें. ३७६ तरुण व ३७६ तरुणी आल्या. त्यांनीं आपल्या आवडीनिवडी, स्वभाव इत्यादींविषयीं प्रश्नावल्या भरल्या. आणि त्या भरीत असतांना चौघे निरीक्षक त्यांच्या रूपास गुपचूप गुण देत होते. संगणकानें जोड्या जुळविल्याच नाहींत. वर वधूपेक्षां ठेंगणा नसावा एवढें पाहून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें त्या लावल्या. समारंभाच्या मध्यंतरांत प्रत्येकास विचारलें, जोडीदार आवडला काय, पुन्हां भेटावेंसें वाटतें काय? उत्तरांचा मेळ घालतांना बुद्धीच्या, स्वभावाच्या, सामाजिक कौशल्याच्या चाचण्या साऱ्या निरुपयोगी ठरल्या. उपयोगी पडला तो एकच आंकडा, निरीक्षकांनीं रूपास दिलेला. प्रत्येकजण आपल्या तोलाचा जोडीदार पसंत करील अशी संशोधकांची अपेक्षा होती, तीहि फसली. अर्थात् एका संध्याकाळच्या भेटीवरून आयुष्याच्या निवडीचा नियम काढूं नये. पण आमच्याकडील मुलगी पाहण्याचा समारंभ एका संध्याकाळीं आटोपत असे आणि पुष्कळ घरीं अजूनहि आटोपतो, हें ध्यानांत घेतां हा प्रयोग आपल्यास अगदींच परका नाहीं.

माणूस निवडतो तें कशावरून, हें त्यास स्वतःस तरी ठाऊक असतें काय? २००५ सालीं स्वीडनमधील पेत्तेर योहान्सन व लार्स हॉल यांनीं हातचलाखीचा आधार घेऊन एक प्रयोग केला. दोन चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखवून अधिक आकर्षक कोणता तें विचारावयाचें, आणि मग निवडलेलें म्हणून गुपचूप दुसरेंच हातीं द्यावयाचें. बहुसंख्य वेळां लोकांच्या हें ध्यानांतच आलें नाहीं. इतकेंच नव्हे तर, जें आपण निवडलेंच नव्हतें तें आपण कां निवडलें, याचीं कारणेंहि त्यांनीं खुशाल सांगितलीं. २००८ सालीं पॉल ईस्टविक व एली फिंकेल यांनीं दाखविलें कीं, रूप महत्त्वाचें कीं मिळकत, याविषयीं तरुणतरुणी आधीं जें सांगतात, त्याचा प्रत्यक्ष चार मिनिटांच्या भेटींत कोण आवडलें याच्याशीं फारसा संबंध राहत नाहीं. आणि २०१७ सालीं समंथा जोएल व याच दोघांनीं शंभराहून अधिक गुणांची माहिती संगणकाच्या अत्यंत सूक्ष्म गणितास पुरविली. कोणती व्यक्ति सामान्यतः पुष्कळांस आवडेल हें थोडेंफार सांगतां आलें. अमक्याचें तमकीशींच विशेष जमेल काय, हें मात्र मुळींच सांगतां आलें नाहीं. लक्षणें ओळखणें कठीण आहे, हा आश्वलायनाचा अभिप्राय अशा रीतीनें पुन्हां एकदां मान्य झाला.

मग सर्व मानवजातीस समान असा कांहीं नियम आहे कीं नाहीं? डेव्हिड बस यांनीं १९८९ सालीं ३३ देशांतील ३७ समाजांच्या १०,०४७ लोकांस विचारून याचें उत्तर दिलें. परस्परांवरील प्रेम, भरंवशाचा स्वभाव, मनाची स्थिरता आणि प्रसन्न वृत्ति, या चार गोष्टी स्त्रिया व पुरुष दोघांनींहि सामान्यतः अग्रस्थानीं ठेवल्या. त्याखालीं फरक दिसला: पुरुषांस तारुण्य व रूप अधिक हवें, स्त्रियांस मिळकत अधिक हवी. बस यांनीं याचें मूळ उत्क्रांतींत शोधलें. दहा वर्षांनीं, १९९९ सालीं, ॲलिस ईगली व वेंडी वूड यांनीं तेच आंकडे पुन्हां तपासले. जेथें स्त्रीपुरुषांची सत्ता व मिळकत अधिक समान, तेथें हा फरक, विशेषतः स्त्रियांची मिळकतीविषयींची अपेक्षा, कमी होत जातो असें त्यांस दिसलें. ज्यास आपण स्वभाव म्हणतों त्यांत परिस्थितीचा भाग किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं; पण परिस्थितीचा भाग आहे, एवढें निश्चित.

याचा आणखी एक पुरावा आहे आणि तो आमच्या मतें सर्वांत बोलका आहे. विल्यम केफार्ट यांनीं १९६७ सालीं हजारावर अमेरिकन विद्यार्थ्यांस विचारलें: तुम्हांस हवे असलेले सर्व गुण एखाद्या व्यक्तींत आहेत, पण तिच्यावर तुमचें प्रेम नाहीं, तर तुम्ही तिच्याशीं लग्न कराल काय? तरुणांपैकीं शेंकडा ६५ जणांनीं नाहीं म्हटलें. तरुणींपैकीं नाहीं म्हणणाऱ्या शेंकडा २४ च निघाल्या. बहुतेकींनीं निश्चित सांगतां येत नाहीं असें उत्तर दिलें. भावनाप्रधान म्हणून जिची ख्याति ती स्त्री येथें पुरुषापेक्षां व्यवहारी ठरली. परंतु १९७६ व १९८४ सालीं तोच प्रश्न पुन्हां विचारला गेला, तेव्हां बहुसंख्य स्त्रियाहि पुरुषांइतक्याच ठामपणें नाहीं म्हणाल्या. सतरा वर्षांत स्त्रीचें हृदय पालटलें काय? नाहीं. पालटली ती तिची मिळकत. पोटासाठीं लग्न करणें जिला प्राप्त नाहीं, तीच प्रेमासाठीं थांबूं शकते. १९९५ सालीं रॉबर्ट लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं अकरा देशांतील विद्यार्थ्यांस तोच प्रश्न घातला. अमेरिकेंत होय म्हणणारे शेंकडा चारहि नव्हते. भारतांत शेंकडा ४९ होते.

या आंकड्याकडे पाहून आपल्यांतील कांहींजण लाजतात व कांहींजण अभिमान धरतात. अभिमान धरणारे बहुधा जयपूरच्या एका अभ्यासाचा दाखला देतात. १९८२ सालीं उषा गुप्ता व पुष्पा सिंह यांनीं पन्नास जोडप्यांस प्रेमाच्या मापनाची प्रश्नावली दिली. प्रेमविवाह केलेल्यांत प्रेम आरंभीं अधिक होतें व वर्षें गेलीं तसें उतरत गेलें. वडील माणसांनीं जुळविलेल्या विवाहांत तें आरंभीं कमी होतें आणि पांच वर्षांनंतर दुसऱ्यांच्या वर गेलेलें दिसलें. अभ्यास प्रामाणिक आहे. पण पन्नास जोडपीं म्हणजे केवढीं? त्यांतहि हीं एकाच वेळीं पाहिलेलीं निरनिराळीं जोडपीं होतीं. एकाच जोडप्याचा वर्षानुवर्षें घेतलेला मागोवा नव्हता. २०१२ सालीं पामेला रेगन व सहकारी यांनीं अमेरिकेंतील भारतीय दांपत्यांत असा अभ्यास केला तेव्हां दोन्ही प्रकारच्या विवाहांत प्रेम सारखेंच आढळलें.

येथें एक खासगी गोष्ट सांगण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. आमचा स्वतःचा विवाह वडील माणसांनीं जुळविलेला. पाऊण तासाचा पोह्यांचा कार्यक्रम झाला, परततांना वडिलांनीं आम्हांस ‘पसंत आहे ना?’ असें विचारलें, आम्हीं होकार दिला. संसार सुखाचा झाला, आणि म्हणून ही पद्धति चांगली, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. कांहीं वर्षांपूर्वीं केफार्टचा प्रश्न वाचीत असतां सहज पत्नीस विचारलें कीं, त्या दिवशीं तुझ्या मनांत काय होतें? ती म्हणाली, ‘तुम्हांला विचारलं होतं. मला सांगितलं होतं.’ तिच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. पण त्या दिवसापासून सुखी संसाराचा दाखला पुराव्यादाखल पुढें करणें आम्हीं सोडून दिलें. प्रेम पुढें वाढलें ही दोघांची कमाई होय. ज्यांनीं एकास विचारलें आणि दुसरीस विचारलें नाहीं, त्यांची नव्हे.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजींशीं झालें. त्या नांदावयास गेल्या नाहींत, म्हणून १८८४ सालीं दादाजींनीं दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्यें, पतीच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें त्या इंग्लंडास जाऊन डॉक्टर झाल्या. या खटल्यावरून पुण्यामुंबईच्या पत्रांत केवढें रण माजलें, तें सर्वश्रुत आहे. पण रखमाबाई काय मागत होत्या? कोणा दुसऱ्यास वरण्याचा हक्क त्यांनीं मागितला नव्हता. ज्यास संमति दिली नाहीं त्यास नाहीं म्हणण्याचा हक्क त्या मागत होत्या. निवडीच्या साऱ्या शास्त्राची पहिली पायरी ती हीच.

आणि दुसरी पायरी? ती बोसार्डच्या नकाशांत आहे. २०१३ सालीं अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, मैत्रेश घटक व जीन लाफोर्च्युन यांनीं एका बंगाली दैनिकांत विवाहाच्या जाहिराती देणाऱ्या ७८३ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वजातीचा आग्रह अत्यंत तीव्र आढळला. वरच्या जातीचें स्थळहि नको, आपल्याच जातीचें हवें. आणि या आग्रहापायीं कुटुंबांस इतर गुणांत फारसा तोटा सोसावा लागत नाहीं, कारण प्रत्येक जातींत शिकलेले, मिळवते, देखणे सांपडतातच. म्हणून केवळ सुबत्ता वाढली कीं जाति विवाहांतून आपोआप गळून पडेल, ही आशा व्यर्थ, असें त्यांचें अनुमान. २०११–१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शेंकडा पांचच्या आसपास निघालें. १८७२ सालापासून नोंदणी विवाहाचा कायदा आहे, १९५४ सालीं तो अधिक उदार झाला; दार उघडें आहे, पण त्या दारापर्यंत जाणारी गल्ली नाहीं. आतां मोबाईलवर हजारों मैलांवरील चेहरे दिसतात. तरी शोधाच्या पहिल्याच पानावर जात विचारली जात असेल, तर पांच ब्लॉकांची हद्द यंत्रांत उचलून ठेवली, एवढाच फरक झाला.

तेव्हां या दीडशें वर्षांच्या संशोधनांतून आम्हीं काय घ्यावें? प्रेमविवाहाचे पुरस्कर्ते म्हणतात, हृदय स्वतंत्र आहे. शास्त्र दाखवितें कीं हृदय गल्लीच्या बाहेर क्वचित् जातें. जुन्या पद्धतीचे अभिमानी म्हणतात, वडील माणसांस अनुरूप जोडी कळते. शास्त्र दाखवितें कीं ती कोणासच कळत नाहीं, संगणकासहि नाहीं. दोन्ही पक्ष जी गोष्ट आपल्या हातीं आहे असें मानतात ती कोणाच्याच हातीं नाहीं. मात्र दोन गोष्टी खरोखर समाजाच्या हातीं आहेत. मुलामुलींस ज्यांच्यांत वावरूं द्यावयाचें तें वर्तुळ केवढें असावें, ही एक. आणि त्या वर्तुळांत उभ्या असलेल्या मुलीस नाहीं म्हणतां यावें व त्यासाठीं तिच्या पदरीं शिक्षण व मिळकत असावी, ही दुसरी. यांपैकीं एकहि गोष्ट मानसशास्त्रज्ञ करून देणार नाहीं. ती शाळांनीं, कचेऱ्यांनीं, घरांचे वाडे व चाळी बांधणाऱ्यांनीं आणि मुलींच्या बापांनीं करावयाची आहे.

आमची मुलगी यंदा पंचविसाव्या वर्षांत आहे. तिनें कोणास निवडावें हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि या लेखासाठीं इतकें वाचूनहि तें कळलें नाहीं. तिची आई परवां म्हणाली, ‘ती सांगेल तेव्हां ऐकूं.’ आम्हीं त्यास मान डोलाविली. त्या क्षणीं आम्हांस दिलें जाणारें नांव कोणत्या गल्लींतील असेल, या विचारानें आमचें मन थोडें चरकलें, हेंहि येथें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.